कोपऱ्यावरचा बिस्ट्रो, चार नळ आणि निवांत बिअर

पेठेबाहेरचा

परवा संध्याकाळी सासूबाईंना घेऊन बिअर प्यायला गेलो. वाक्य पुन्हा वाचू नका, बरोबरच वाचलंत.

प्रभात रोड आणि भांडारकर रोडच्या मधल्या एका गल्लीत, जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर एक छोटा बिस्ट्रो आहे. आजूबाजूचे बंगले पाडून सात-सात मजले उठले, हा अजून तग धरून आहे. पुढच्या पडवीत थोडी टेबलं, आत थोडी. फरशी जुनी मोझॅकचीच ठेवली आहे. टीव्ही नाही, त्यामुळे क्रिकेट नाही. गाणी लागतात, पण समोरचा काय बोलतोय ते ऐकू येतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण मोठ्या ब्रूपबांतून (जागेवरच बिअर बनवणाऱ्या पबांतून) बाहेर पडताना माझा घसा बसलेला असतो तो बिअरने नव्हे, ओरडून ओरडून.

बिअर ते स्वतः बनवत नाहीत, पुण्यातल्याच ब्रुअरीकडून केग (बिअरची पिंपं) आणतात. नळ चारच. कोणत्या नळाला काय लागलंय ते खडूने फळ्यावर लिहितात आणि केग संपला की ओळ पुसतात. परवा हेफेवायझन, बेल्जियन विट (या दोन्ही गव्हाच्या) आणि स्टाउट (काळी, भाजलेल्या बार्लीची) होती. आयपीए (कडवट असते ती) आमच्या डोळ्यांदेखत पुसली गेली.

सासूबाई घेत नाहीत. त्यांनी आल्याचं लिंबू सरबत मागवलं. बायकोच्या हेफेवायझनचा ग्लास आला तेव्हा त्या सहज पुढे वाकल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, यात शिकरण कालवलंय का?" क्षणभर थांबून पुढे, "आणि लवंग कुणी घातली शिकरणीत?"

बिअर आणून देणारा मुलगा खूश. कारण अगदी हेच उत्तर अपेक्षित असतं. त्यात केळं नसतं, लवंगही नसते. गव्हाच्या या बव्हेरियन बिअरचं यीस्ट आंबवताना आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं एस्टर तयार करतं, तो केळ्याचा वास. लवंगेचा वास ४-व्हायनिल ग्वायकॉलचा, तोही यीस्टचाच उद्योग. टाकी थोडी उबदार ठेवली तर केळं पुढे येतं, थंड ठेवली तर लवंग. पासष्ट वर्षं स्वयंपाकघरात काढलेल्या नाकाला हे शिकवावं लागलं नाही. मी मात्र पहिल्यांदा ही बिअर प्यायलो तेव्हा "छान आहे, हलकी आहे" एवढंच म्हणालो होतो.

त्या मुलाने ग्लास भरला तोही बघण्यासारखा. आधी ग्लास गार पाण्याने विसळला. मग तिरका धरून नळाखाली नेला, बराचसा भरल्यावर सरळ केला. वर दोन बोटं फेस. ग्लास खाली निमुळता आणि वर रुंद, म्हणून फेस शेवटपर्यंत टिकला. आपल्याकडे फेस दिसला की "फसवलं" अशी भावना होते. या बिअरला फेस नसेल तर खरं फसवलं.

खायला ठेच्याचं बटर लावून भाजलेला पाव (उत्तम), मश्रूम टोस्ट (बरा), फ्राईज (मऊ पडलेले, मागवू नका). ग्लासाला साडेचारशेच्या आसपास. बिलात खाण्यावर जीएसटी आणि बिअरवर व्हॅट असे दोन वेगळे कर लागतात, त्यामुळे बिल बघून गोंधळू नका. तिघांचं मिळून अडीच हजारांच्या आत झालं आणि आम्ही चालत घरी आलो.

माझं म्हणणं एवढंच की बिअर प्यायची जागा घरापासून चालत जाण्याइतकी जवळ असावी आणि तिथे बसून गप्पा मारता याव्यात. बिअर कुठली, हा त्यानंतरचा प्रश्न. तुमच्याकडे आहे का अशी एखादी जागा? मॉलमधली नको, गल्लीतली.

चहाटळ

नाव?

कर्वेनगरी

+१, नाव टाका की राव. एवढं लिहिलंत, नावच नाही.

पेठेबाहेरचा

नाव देणार नाही. एक म्हणजे जाहिरात वाटेल. दुसरं आणि खरं कारण, आमच्या गल्लीत आताच गाडी लावायला जागा नाही.

चहाटळ

अस्सल पुणेरी उत्तर. बिअर दाखवायची, पत्ता द्यायचा नाही.

सातारी_अण्णा

लेख झकास, पण साडेचारशेला एक ग्लास म्हणजे अंमळ जास्तच. आमच्या स्टँडसमोरच्या परमिट रूममध्ये त्यापेक्षा कमी पैशांत ६५० मिलीची गारेगार बाटली येते. सोबत चकणा फुकट. चणे, शेव, काकडी, खारे शेंगदाणे, आणि वेटर ओळखीचा असेल तर मसाला पापड. तो विचारत नाही "नोट्स काय जाणवल्या", तो विचारतो "अजून एक आणू का?" निवांत तिथेही वाटतं. मालक नावाने ओळखतो, उधारीही ठेवतो. मग बिस्ट्रोत वेगळं काय? खडूचा फळा? तो तर आमच्याकडेपण आहे, "उधार बंद" लिहिलेला.

निशिगंध

अण्णा, वेगळं काय ते मी सांगते. तुमच्या परमिट रूममध्ये मी एकटी जाऊन बसू शकते का?

कॉलेज संपल्यावर मैत्रिणींबरोबर गेले होते एकदा. आम्हाला आत नेऊन "फॅमिली सेक्शन"मध्ये बसवलं. म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन, एक ट्यूबलाइट आणि दर पाच मिनिटांनी डोकावणारा कुणीतरी. स्वच्छतागृहाबद्दल न बोललेलं बरं. तुमचा मालक तुम्हाला नावाने ओळखतो, आमच्याकडे तो "मॅडम, लवकर आटपा, गर्दीची वेळ झाली" म्हणाला.

आता मी बाणेरला राहते. आमच्याही कोपऱ्यावर अशीच एक छोटी जागा आहे. ऑफिस सुटलं की कधीतरी पुस्तक घेऊन जाते, एक ग्लास आणि एक प्लेट घेऊन तासभर बसते. कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही. साडेचारशेतले दोनशे बिअरचे असतील, उरलेले या निवांतपणाचे. मी ते आनंदाने देते.

सातारी_अण्णा

निशिगंधताई, मुद्दा मान्य. हा विचार कधी केला नव्हता. आमच्या गावात अजून तशी जागा नाही हेही खरं.

अर्ज_विनंती

परमिटचा विषय निघालाच आहे तर थोडी माहिती. परमिट रूमला परमिट रूम म्हणतात कारण कायद्याने आपल्या राज्यात अजून दारूबंदीच आहे! मूळ कायदा १९४९ चा, मुंबई दारूबंदी अधिनियम. आता नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. त्याखाली प्यायला वैयक्तिक परवाना लागतो. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा ५ रुपये, देशीसाठी २ रुपये, वर्षाचा १०० आणि आजन्म परवाना १००० रुपये. बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं, कडक दारूसाठी २५. म्हणजे बावीस वर्षांच्या पोराला बिस्ट्रोत बिअर मिळेल, शेजारच्या टेबलावरची व्हिस्की नाही.

मी आजन्म काढून ठेवला आहे. हजार रुपयांत आयुष्यभराची मनःशांती. घरच्यांना दाखवू नये एवढंच.

चहाटळ

आजन्म परवाना! हे कागदपत्र लॉकरमध्ये ठेवायचं की देवघरात?

यीस्टवाला

धागा माझ्यासाठीच निघालाय असं वाटतंय. घरी छोट्या प्रमाणावर आंबवाआंबवीचे प्रयोग करतो (कोंबुचा, ताक, आंबोळीचं पीठ. बिअर नाही, अर्ज_विनंती यांनी कायदा सांगितलाच आहे).

अशा छोट्या जागांत हेफेवायझन, विट, स्टाउट याच बिअर जास्त का दिसतात, हे कुणी विचारलं नाही. साधं गणित आहे. या सगळ्या एल, म्हणजे जरा उबेत आंबवलेल्या बिअर. एलचं यीस्ट १८ ते २२ अंशांच्या आसपास खुशीने काम करतं आणि दोन-तीन आठवड्यांत माल प्यायला तयार. लागरचं (थंडीत आंबवलेल्या बिअरचं) यीस्ट १० अंशांच्या आसपास सावकाश काम करतं आणि त्यानंतर बिअर शून्याच्या जवळ काही आठवडे मुरवावी लागते. तोवर टाकी अडकून पडते आणि वीजबिल चालू राहतं. छोट्या ब्रुअरीकडे टाक्या मोजक्या. लागरच्या एका घाण्यात एलचे दोन घाणे निघतात. म्हणून कुणी छोट्या ब्रुअरीने नीट मुरवलेली पिल्सनर (लागरचाच एक प्रकार) दिली तर तिला मान द्या. ती महाग पडली तरी.

किमतीबद्दल अजून एक. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) बहुतेक बाहेरूनच येतात. आपल्याकडे हिमाचलात लाहौलला थोडी लागवड आहे, बाकी आयात. खास प्रकारचे माल्ट (मोड आणून सुकवलेलं धान्य) बऱ्याच ठिकाणी जर्मनी, बेल्जियमचे. त्यावर उत्पादन शुल्क, त्यावर व्हॅट. अण्णांच्या बाटलीमागे लाखो लिटरचा कारखाना असतो, या ग्लासामागे हजार-दोन हजार लिटरची टाकी.

आणि "गारेगार" हा प्रकार जरा सोडा. बर्फाळ मगमध्ये ओतलेली बिअर चवीलाच लागत नाही, जीभ बधिर होते. साध्या लागरला ते चालतं, कारण तिथे लपवायचंच असतं. गव्हाची बिअर ७-८ अंशांना, स्टाउट १०-१२ ला प्या. स्टाउट आली की दहा मिनिटं तशीच ठेवा, मग कॉफीचा आणि भाजलेल्या धान्याचा वास उघडतो.

जागा पारखायची युक्ती: ग्लासाच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटलेले दिसले तर ग्लास तेलकट आहे, नीट धुतलेला नाही. स्वच्छ ग्लासात बुडबुडे सरळ वर जातात आणि प्रत्येक घोटानंतर फेसाचं एक कडं मागे राहतं.

पेठेबाहेरचा

यीस्टवाले, वाखुसा (वाचनखूण साठवली)! कडी मोजतो पुढच्या वेळी.

शुद्ध_शाकाहारी

मराठी संस्थळावर दारूचे गोडवे गाणारे धागे बघून वाईट वाटतं. वर सासूबाईंना घेऊन गेलो हे कौतुकाने सांगायचं. घराघरांत दारूने काय वाट लावली आहे ते जरा आजूबाजूला बघा. आणि पिऊन गाड्या चालवणाऱ्यांनी पुण्यात काय केलं ते वेगळं सांगायला नको.

पेठेबाहेरचा

तुमचा राग समजतो आणि त्यातल्या बऱ्याचशा भागाशी सहमतही आहे. म्हणून तर "चालत" हा शब्द लेखात दोनदा आला. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. बिअरचे दोन ग्लास तिथवर न्यायला पुरेसे ठरू शकतात. शहराबाहेरच्या हजार माणसांच्या ब्रूपबला लोक गाडीनेच जातात आणि गाडीनेच परततात. गल्लीतल्या दहा टेबलांच्या जागेला माझी पसंती आहे ती याही कारणाने.

सासूबाई सरबतच प्यायल्या. त्यांना बाहेर बसायला मजा आली, हे कौतुकाने सांगायला मला काही वाटत नाही.

शुद्ध_शाकाहारी

ठीक आहे. चालत जाणाऱ्यांबद्दल तक्रार नाही. आल्याचं सरबत कसं होतं?

पेठेबाहेरचा

साखर जास्त होती. सासूबाई तेही सांगून आल्या.

फ्रँकोनियावासी

जर्मनीत बव्हेरियातल्या बांबर्गहून नमस्कार. तुमचा धागा वाचून राहवलं नाही.

आमचं हे गाव लहान, पण जुन्या ब्रुअऱ्यांसाठी नावाजलेलं. इथली खासियत राउखबिअर. माल्ट बीच लाकडाच्या जाळावर सुकवतात, त्यामुळे बिअरला धुराचा वास. जुन्या गावात श्लेंकर्ला नावाची खानावळ आहे. लाकडी पिंपातून अर्ध्या लिटरचे ग्लास भरतात, लाकडी छत काळवंडलेलं, गाणी अजिबात नाहीत. अनोळखी माणसांच्या टेबलावर बसायचं. पहिला ग्लास आला तेव्हा नवरा म्हणाला, "चुलीवरचं काहीतरी प्यायल्यासारखं वाटतंय." इथले लोक म्हणतात चव तिसऱ्या ग्लासाला कळते. आमचा धीर दुसऱ्यालाच सुटला, पण आता हिवाळ्यात तीच आठवते.

उन्हाळ्यातली गंमत अजून वेगळी. बव्हेरियात पूर्वी उन्हाळ्यात बिअर गाळायला बंदी होती. १५५३ पासून एप्रिलअखेर ते सप्टेंबरअखेर. उष्णतेत बिअर नासायची म्हणून. मग मार्चमध्ये गाळलेली बिअर टेकडीतल्या तळघरांत साठवायची आणि वर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावायची. त्याच झाडांखाली लोक येऊन बसायला लागले, ते बिअरगार्टन. आणि तिथे, ज्या टेबलांवर चादर नाही तिथे, तुम्ही घरचं खाणं घेऊन जाऊ शकता. बिअर मात्र त्यांचीच घ्यायची. १९९९ च्या बव्हेरियन नियमातही ही प्रथा नोंदवलेली आहे.

आम्ही दर उन्हाळ्यात थालीपिठं, दही आणि लसणाची चटणी डब्यात घेऊन जातो. मागे शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी डब्याकडे इतक्या वेळा बघितलं की शेवटी एक थालीपीठ दिलंच. त्यांनी बदल्यात त्यांच्या ताटातला मुळा पुढे केला. चक्राकार उलगडत जाईल असा कापलेला पांढरा मुळा, त्यावर मीठ. बिअरसोबत इथे हाच चकणा. सातारी_अण्णा, तुम्हाला इथे करमेल.

सातारी_अण्णा

मीठ लावलेला मुळा! ताई, तिकीट काढतो.

म्हापशेकार

आमच्याकडे बिस्ट्रो किनाऱ्यावर पर्यटकांसाठी. वाड्यावरची जागा म्हणजे तावेर्न. दोन बाकडी, एक फळकूट, मागे मालकाचं घर. मार्च ते मे हंगामात उराक मिळतो. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की उराक, तोच पुन्हा गाळला की फेणी. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. उराक लिमका, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून घ्यायचा. जूनमध्ये विचाराल तर मालक हसेल. हंगामी आणि गल्लीतलं म्हणता ना, मग यापेक्षा ताजं काही नाही रे.

क्राफ्ट बिअर आता गोव्यातही होते, चांगली होते. पण तावेर्नातली संध्याकाळ वेगळीच.

मुंढवा_रिटर्न्ड

पुण्याच्या क्राफ्ट बिअरची गोष्ट कुणीतरी लिहा. २००९ मध्ये डूलाली हे ब्रूपब कॉरिंथियन्स हॉटेलात सुरू झालं तेव्हा आम्ही मित्र कोथरूडहून तिथवर जायचो, म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. निम्मी संध्याकाळ रिक्षावाल्याशी वाद घालण्यात. मग २०१४ मध्ये मुंढव्याला इंडिपेंडन्स ब्रुइंग आलं. आता मूनशाईनसारखी मधापासून मीड बनवणारी मंडळीही पुण्यातच आहेत. पंधरा वर्षांत केग आपल्या गल्लीपर्यंत पोचला, हे मला जास्त मोठं वाटतं. पूर्वी बिअरसाठी प्रवास करायचो, आता बिअर प्रवास करते.

बंगळूरकर_सुमेध

इंदिरानगरात टॉइट नावाचं ब्रूपब २०१० पासून आहे, शनिवारी रांग रस्त्यापर्यंत. बिअर छान. पण पेठेबाहेरचा म्हणतात तसं, बोलायला मोबाइलवर टाइप करावं लागतं.

खवय्या_नं_वन

खाण्यावर कुणी बोलेना म्हणून मीच. स्वानुभवातून:

विट आणि कोथिंबीर वडी ही जोडी करून बघाच. बेल्जियन विटमध्ये मुळातच धणे आणि संत्र्याची साल असते. धणे दोन्हीकडे. वडी कुरकुरीत तळलेली हवी, वाफवलेली मऊ नको.

हेफेवायझनबरोबर सुरमई फ्राय, रव्यात घोळलेली. लिंबू पिळू नका, बिअरमध्ये आंबटपणा पुरेसा आहे.

पेठेबाहेरचा यांनी ठेचा पाव खाल्ला. सोबत आयपीए संपली होती हे बरंच झालं म्हणायचं. हॉप्सचा कडूपणा तिखटाला अजून चढवतो, कान लाल होतात. तिखटाबरोबर माल्टचा गोडवा असलेली बिअर घ्या.

आणि आता मला मारायला धावू नका: स्टाउट आणि पुरणपोळी. वर तूप. भाजलेल्या बार्लीचा कडवटपणा आणि गुळाचा गोडवा, वर वेलदोडा-जायफळ. होळीला पोळ्या जास्त झाल्या होत्या, त्यातून हा शोध लागला. आईला सांगितलेलं नाही.

निशिगंध

पुरणपोळीबरोबर! तुम्हाला पंचगंगेत बुडवलं पाहिजे. (पुढच्या होळीला करून बघते.)

यीस्टवाला

खवय्या, तिखट आणि आयपीएबद्दल १००% सहमत. स्टाउट-पुरणपोळी हा तर कट्ट्याचा विषय आहे. करूया का एक कट्टा? पेठेबाहेरचा यांच्या बिस्ट्रोत. पत्ता व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) द्या, गाड्या आणणार नाही असं प्रतिज्ञापत्र लिहून देतो.

पेठेबाहेरचा

मेट्रोने डेक्कनला उतरून चालत येणार असाल तरच पत्ता. येत्या गुरुवारी?

अर्ज_विनंती

गुरुवार नको, दत्ताचा वार. घरी पाळतो.

खवय्या_नं_वन

शनिवारी?

कर्वेनगरी

शनिवारी मारुती. सोमवारी शंकर. आणि मंगळवारी गणपती, म्हणजे मासेही नाहीत.

चहाटळ

शुक्रवारी बायकोचं वैभवलक्ष्मी. रविवारी तिथे गर्दी असेल. देवांनी आपल्याला बुधवार सोडला आहे.

पेठेबाहेरचा

बुधवारी नवा केग लावतात, उलट चांगलं. गटारीच्या आठवड्यात नको, तेव्हा सगळं शहर बाहेर असतं. त्याच्या आधीचा बुधवार, सात वाजता. एक टेबल सांगून ठेवतो. येणाऱ्यांनी व्यनि करा. पुरणपोळ्या खवय्या आणतील, बाहेरचं चालेल का ते मी मालकाला विचारतो.

यीस्टवाला

त्या बुधवारी एकादशी येत नाही ना, तेवढं कुणीतरी कालनिर्णय बघून सांगा.